नाव कोणी घ्यायचं

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. येनटोल्याच्या अंगणवाडीच्या ओट्यावर बसून अंजनाबाई निमगडे एका कापडी पिशवीतून वस्तू काढतात आणि खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या टोपणात घालून पाहतात. ट्रॅक्टरचा मोठा नट टोपणात बसत नाही, तो पिशवीत परत जातो. बैलाच्या गळ्यातलं घुंगरू सुटं आहे, ते बसतं. ते बाजूला. टोपणात बसणारी वस्तू तीन वर्षांच्या मुलाच्या घशातही जाऊ शकते, एवढा साधा हिशेब आहे. मुलं यायला अजून दीड तास आहे.

पिशवीचा खेळ त्यांनीच सुरू केलेला. रोज एका मुलाच्या घरातून एखाद-दोन वस्तू पिशवीत घालून सकाळीच आणून द्यायच्या. बाकीच्यांनी न पाहता आत हात घालायचा, चाचपायचं आणि काय आहे ते सांगायचं. चुकलं तरी चालतं, गप्प बसलं की पाळी परत येते. प्रश्न विचारून झाला की अंजनाबाई मनातल्या मनात पाच आकडे मोजतात आणि तोवर दुसरा शब्द काढत नाहीत. बारा वर्षांपूर्वीच्या एका प्रशिक्षणात त्यांना हे सांगितलं गेलं होतं. लहान मुलाला उत्तर जुळवायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपण घाईनं दुसरा प्रश्न टाकला की त्याचं पहिलं उत्तर वाया जातं. त्या प्रशिक्षणातलं बाकी बरंच त्या विसरल्या. पाच आकडे राहिले.

येनटोला आरमोरी तालुक्यात आहे. शंभरावर घरं, तिन्ही बाजूंनी जंगल, चौथ्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. जुलैचा शेवटचा आठवडा, रोवणा म्हणजे धानाची लावणी जोरात, त्यामुळे गावात या वेळी म्हातारे आणि मुलंच उरतात. अंगणवाडीच्या पटावर एकोणीस मुलं आहेत. येत्या गुरुवारी तालुक्याहून आरोग्य तपासणीचं पथक येणार होतं. ज्या मुलाच्या वाढीत शंका वाटते त्याचं नाव आधी काढून ठेवायचं, पथक त्याला तपासतं आणि गरज पडली तर गडचिरोलीला पाठवतं. अंजनाबाईंनी अठरा मुलांची कार्डं भरून ठेवली होती. एकोणिसावं कार्ड सुगंधा कोहपरे हिचं, वय तीन वर्षं दोन महिने. त्यावरचे दोन रकाने कोरे होते. नावानं हाक मारल्यावर वळते का? स्वतःचं नाव सांगते का?

खरं तर उत्तर त्यांना ठाऊक होतं. नाही आणि नाही. तीन आठवडे मुलगी येत होती आणि एकदाही हाकेला वळली नव्हती. ते लिहिलं की नाव गडचिरोलीला जाणार, आणि तिथे काहीही निघो, येनटोल्यात मुलगी ‘येडी’ म्हणून ठरणार. असं झालेल्या घरानं पोर अंगणवाडीत ठेवल्याचं उदाहरण त्यांच्याजवळ नव्हतं. आणि न लिहिलं तर काय होतं, ते त्यांनी एकदा पाहिलं होतं.

अंजनाबाई आता त्रेपन्न वर्षांच्या आहेत. दहावी पास होऊन लग्नानंतर गावात आल्या आणि १९९८ साली सेविका झाल्या. तेव्हा अंगणवाडीला खोली नव्हती, बुद्ध विहाराच्या पडवीत मुलं बसायची. पहिल्या तुकडीत बावीस मुलं होती. त्यांतलं आज कोण कुठे आहे ते त्या न अडखळता सांगतात. एकजण घुग्घुसला कोळसा खाणीत पाळीवर जातो, एकजण गोंडपिपरीच्या दवाखान्यात परिचारिका आहे, दोघं गावातच शेती करतात आणि त्यांतला एक बाजार समितीत भांडण्याइतका हिशेबाला पक्का आहे. बावीसपैकी तेरा मुलं रोज यायची, नऊ अधूनमधून. तेरापैकी अकरा दहावी झाली, नऊपैकी तीन. हे अंगणवाडीमुळे झालं का, असं विचारलं तर त्या सरळ उत्तर देत नाहीत. जे आईबाप पोराला रोज पाठवत होते, ते पुढे शाळेतही पाठवतच राहिले असतील, असं म्हणतात. बावीस मुलांवरून काही सिद्ध होत नाही हे त्यांना कळतं. मात्र गावातल्या शाळेचे जुने गुरुजी त्यांना एकदा म्हणाले होते, की बाई, तुमच्याकडून आलेलं पोर पहिलीत न समजलेलं विचारतं, दुसरं पोर मान हलवतं. ते वाक्य त्यांनी त्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवलं.

दिनदर्शिकेच्या मागे आणखीही बरंच लिहिलेलं असतं. दरवर्षी प्रत्येक मुलाचं नाव आणि त्यापुढे ते मूल बोलत असलेले शब्द. शब्द वाढतात तशा रेघा वाढतात. सव्वीस दिनदर्शिका एका पत्र्याच्या पेटीत आहेत. त्यांतल्या २००१ सालच्या दिनदर्शिकेवर रोशनी या नावापुढे एकही रेघ नाही.

रोशनी तेव्हा तीन वर्षांची होती. बोलत नव्हती, हाकेला वळत नव्हती. तिच्या आजानं शेजाऱ्यांना बोलावलं. एकानं तिच्या पाठीमागे पितळी थाळी बडवली आणि पोरगी झटकन वळली. सगळे हसले. ऐकते म्हणून ठरलं, काही पोरं उशिरा बोलतात असं ठरलं, आणि अंजनाबाईंनीही मान हलवली. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. रोशनी सात वर्षांची झाल्यावर शाळेच्या तपासणीत कळलं की तिला थाळी ऐकू येते, माणूस नाही. मोठा, जाडाभरडा आवाज तेवढा कानात जातो, बोलणं जात नाही. कानाचं यंत्र मिळालं. पण बोलणं कानात शिरायची जी वर्षं असतात ती निघून गेली होती. यंत्रातून तिला आवाज यायचा आणि त्या आवाजाचं काय करायचं ते डोक्याला ठाऊक नव्हतं.

अंजनाबाई बायकांच्या बैठकीत हे धानाच्या भाषेत सांगतात. पऱ्हं, म्हणजे धानाचं रोप, वीस-पंचवीस दिवसांचं असताना रोवलं तर फुटवे भरपूर येतात. दीड महिन्याचं जून पऱ्हं रोवलं तर जगतं, लोंबीही धरतं, पण फुटवे कमी. पोराच्या मेंदूचंही पहिल्या पाच-सहा वर्षांत तसंच असतं. बायका माना डोलावतात. अंजनाबाईंना मात्र स्वतःचंच उदाहरण पूर्ण पटत नाही, कारण रोशनी समोर असते. ती आज सव्वीस वर्षांची आहे. गावात तिच्याइतका सरळ आणि झपाझप रोवणा कोणी करत नाही. लग्न झालं, मुलगी झाली. मुलीचं नाव सांची. सांची दोन वर्षांची झाली त्या दिवशी रोशनी तिला घेऊन अंगणवाडीच्या दारात उभी राहिली. आधी स्वतःच्या कानाकडे बोट केलं, मग अंजनाबाईंच्या तोंडाकडे, मग मुलीकडे. घरी बोलायला मी पुरत नाही, तुम्ही बोला, असा त्याचा अर्थ. नियमानं मूल तीन वर्षांचं लागतं. अंजनाबाईंनी सांचीला बसवून घेतलं. तिच्या नावापुढे आता तीन महिन्यांत एकशे बारा रेघा आहेत.

सुगंधाच्या नावापुढे रेघ नव्हती. अंजनाबाईंनी तिच्या मागे उभं राहून ताटावर चमचा वाजवून पाहिला, ती वळली. कागद चुरगाळला, वळली. पण थाळीचा धडा घेतलेली बाई चमच्यावर विश्वास ठेवणार नव्हती. सुगंधा म्हणून हळू हाक मारली, मोठ्यानं मारली, खिचडी वाढताना मारली. पोरगी वस्तू हाताळायची, ठोकळे रचायची, दुसऱ्या पोराच्या ताटातलं उचलायची, आणि हाकेला दगड.

मदतनीस मीराबाई साठीच्या आहेत आणि त्यांचं मत पहिल्या आठवड्यातच झालं होतं. पोरगी हट्टी आहे, बापावर गेली आहे. बाप म्हणजे आदेश कोहपरे, भाड्यानं ट्रॅक्टर चालवतो. रोवण्याच्या दिवसांत चिखलणीची कामं सांभाळत दुपारी बाराच्या सुमारास तो अंगणवाडीच्या फाटकाशी ट्रॅक्टर थांबवायचा, इंजिन चालूच ठेवायचा आणि वरूनच ओरडायचा, “बुढे, चाल!” मीराबाईंचा संताप व्हायचा. त्या पोरगीचा हात धरून तिला फाटकापर्यंत न्यायच्या, बापाच्या हवाली करायच्या आणि रोज काहीतरी सुनवायच्या.

“बुढी असन तुही सासू. मले नाव हाय गा.”

आदेशला वाटायचं मीराबाई थट्टा करतात. तो हसायचा, पोरगीला पुढ्यात घ्यायचा आणि निघायचा. तीन आठवडे हे असंच चाललं.

त्या सोमवारी मुलं घरी गेल्यावर अंजनाबाई कोहपऱ्यांकडे गेल्या. घरी सुगंधाचे आजोबा नथ्थूभाऊ नातीजवळ एकटेच होते. वय सहासष्ट, बायको तीन वर्षांपूर्वी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. सून दिव्यानी रोवण्याला गेलेली. पोरगी खाटेवर मोबाईल धरून बसली होती आणि मोबाईलमधून हिंदीत कार्टून बोलत होतं. अंजनाबाईंनी नथ्थूभाऊंसमोरच हाक मारून दाखवली. सुगंधा. पोरगी हलली नाही. नथ्थूभाऊंनी मान दुसरीकडे वळवली आणि बैलांना चारा टाकायचा राहिला म्हणून उठले. परत आले तेव्हा अंजनाबाईंनी गुरुवारच्या पथकाचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नको म्हणाले. पोरगी चांगली आहे, खाते, खेळते. गावाच्या तोंडी द्यायची नाही. निघताना अंजनाबाई मोबाईलबद्दल एवढंच बोलल्या, “तो बोलते नथ्थूभाऊ, पण थांबत नाई. पोरगीनं कवा बोलाचं?”

मंगळवार तसाच गेला.

बुधवारी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी मुलं खिचडी खात होती. सुगंधा भिंतीकडे तोंड करून पिशवीत हात घालून बसली होती. लांबून ट्रॅक्टरचा आवाज येऊ लागला. आदेश अजून वळणावरही पोचला नव्हता. सांचीनं तोंडातला घास गालात ढकलला, सुगंधाच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाली, “बुढे. बाबा.”

सुगंधा वळली आणि उठून उभी राहिली.

मीराबाई चुलीजवळून म्हणाल्या, “पाहा. आता हे दीड बोटाची पोट्टीबी मले बुढी म्हणते.”

“तुमाले नाई म्हणलं तिनं,” अंजनाबाई म्हणाल्या.

त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. पोरगी पुन्हा पिशवीकडे वळेपर्यंत थांबल्या. मग तिच्या मागे चार पावलांवर उभं राहून, ओठ फारसे न हलवता, नेहमीपेक्षाही खालच्या आवाजात म्हणाल्या, “बुढे.” पोरगी वळली. दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा. पुन्हा वळली, आणि या वेळी काय आहे अशा नजरेनं पाहिलं. मीराबाई पळी हातात धरून उभ्या होत्या. एकवीस दिवस आपण कोणाच्या नावावर भांडत होतो ते त्यांना तेव्हा कळलं, आणि त्या खाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

पटावर सुगंधा, आधारवर सुगंधा. घरात बुढी. दोन मोठ्या बायकांच्या समोर बाप रोज तिच्या नावानं हाक मारत होता आणि ते कळलं सव्वादोन वर्षांच्या पोरीला, जिच्या आईला कुठलीच हाक ऐकू येत नाही.

मुलं गेली तशा अंजनाबाई बांध्यांकडे निघाल्या. दिव्यानी दहा-बारा बायकांच्या रांगेत होती. बांधावर बोलावल्यावर चिखलाचे हात तसेच धरून आली. बुढी कोण, असं विचारल्यावर ती आधी लाजली, मग सांगू लागली. पोरगी झाली तेव्हा सासूला जाऊन तीन आठवडे झाले होते. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. मामाजींनी पोरगीला पाहिलं आणि म्हणाले, माही बुढी वापस आली. बारशाला आत्या घुग्घुसहून आली, तिनं आजीचंच नाव ठेवलं. पोरगीच्या कानात एकदा सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गेली.

“सासूचं नाव मी कशी घेऊ, बाई?”

“आदेश?”

“त्याइची माय होय. ते नाई घेत.”

“अन् नथ्थूभाऊ?”

बायकोचं नाव नवरा घेतो का, हा प्रश्नच नव्हता. म्हणजे ज्या घरात सुगंधा हे नाव ठेवलं गेलं, त्या घरात ते उच्चारू शकणारं माणूसच नव्हतं. तीन वर्षं दोन महिन्यांत ते नाव त्या पोरगीच्या कानात एकदा पडलं होतं, तेही ती बारा दिवसांची असताना.

अंजनाबाईंनी शब्द विचारले. दिव्यानीनं चिखलानं भरलेल्या बोटांवर मोजले. पाणी, दे, नाई, माय, बाबा, गाय, भात, टॅक्टर, मोबल, बुढी. मग अकरावा आठवला, जा. आणि भूक लागली की म्हणते, बुढीले दे.

बुढीले दे, हे दोन शब्दांचं वाक्य आहे. अंजनाबाईंनी ते मनात लिहून घेतलं. पण तीन वर्षांच्या मुलीला अकरा शब्द फार कमी आहेत, हेही. या घरात सासू गेल्यापासून दिवसभर बोलणारं कोणी नव्हतं. सून बांधीत, पोरगा ट्रॅक्टरवर, म्हातारा गप्प. उरला मोबाईल.

“मंग आता गडचिरोलीले जा नाई लागत ना, बाई?” दिव्यानीनं विचारलं. नाव सापडलं, भानगड मिटली, असं तिला वाटलं होतं. क्षणभर अंजनाबाईंनाही तसं वाटलं होतं.

रांगेतल्या बायका पुढे सरकल्या होत्या. पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाकणाऱ्या बाईनं शेवटच्या बाईच्या खांद्यावर थाप मारली आणि पेंढी कुठे पडली ते बोटानं दाखवलं. शेवटची बाई रोशनी होती.

“जा लागन,” अंजनाबाई म्हणाल्या. “वळते म्हणजे पुरं ऐकते, असं नाई.”

दिव्यानी म्हणाली, मामाजी ऐकणार नाहीत. अंजनाबाई तिथून थेट नथ्थूभाऊंकडे गेल्या. चार वाजले होते. ते अंगणात बांबूच्या कमच्या सोलत बसले होते, पोरगी शेजारी कमच्या रचत होती. अंजनाबाईंनी सांगितलं की पोरगी हाकेला वळते, आम्हीच चुकीची हाक मारत होतो. नथ्थूभाऊंचा चेहरा सैल झाला. मग अंजनाबाईंनी सांगितलं की तरीही तिचं नाव गुरुवारी देणार आहे, कान मशीनवर तपासून घ्यायचे. नथ्थूभाऊंनी हत्यार खाली ठेवलं.

“माह्या बुढीले येडी ठरवता का, बाई?”

अंजनाबाईंनी रोशनीचं नाव काढलं नाही. काढणार होत्या, असं त्या सांगतात, पण पाच आकडे मोजायची सवय पडली आहे. त्या थांबल्या. नथ्थूभाऊंनी सोललेली कमची नातीच्या ढिगावर ठेवली. मग म्हणाले, “थाळी तवा मीच वाजोली होती.”

रोशनीच्या आजाचा शेजारी म्हणून २००१ साली पितळी थाळी घेऊन आलेला माणूस हाच होता. ऐकते पोरगी, कायची चिंता, हे शब्दही त्यांचेच. तेवीस वर्षांत या दोघांनी ते एकमेकांजवळ काढलं नव्हतं.

पुढचं बोलणं छोटं झालं. अंजनाबाई म्हणाल्या, डॉक्टर नावानं हाक मारतील, पुढे शाळेतही मारतील, आणि पोरगीला नाव ठाऊक नाही. कोणीतरी घरातून सुरुवात करायला हवी. नथ्थूभाऊ म्हणाले, अडतीस वर्षांचा संसार झाला, कधी घेतलं नाही, आता काय घ्यायचं.

“लग्नात घेतलं असन ना?”

“तवा उखाण्यात घेतलं.”

“मंग उखाण्यातच घ्या.”

गुरुवारी पथक साडेदहाला आलं. नथ्थूभाऊ साडेनऊलाच, धुतलेलं धोतर नेसून, नातीला घेऊन आले होते. मुलांच्या तपासणीसाठी काही आया रोवण्याचा खाडा करून थांबल्या होत्या, दिव्यानी त्यांच्यात होती. सासरा दारातून आत येताच तिनं पदर पुढे ओढला. अंजनाबाईंनी मीराबाईंशिवाय कोणाला काही सांगितलं नव्हतं. मीराबाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं. नथ्थूभाऊ खोलीच्या मधोमध उभे राहिले, पोरगी त्यांच्या पायाशी. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहत त्यांनी एका दमात म्हटलं:

“रोवणा झाला, निंदण झालं, लोंबीत भरला दाणा,
सुगंधाचं नाव घेतो, कान देऊन ऐका ना.”

बायका हसल्या. एक म्हणाली, भाऊ, लग्नातलाच दिसते, नवीन नाई केला? नथ्थूभाऊ म्हणाले, तिले तवा हाच आवडला होता, आणि जाऊन ओट्यावर बसले.

पोरगीवर काही परिणाम झाला नाही. ते नाव आपलं आहे हे तिला अजून माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सुगंधा म्हणून हाक मारली, ती वळली नाही. अंजनाबाईंनी बुढे म्हटलं, वळली. कार्डावरच्या कोऱ्या रकान्यांत अंजनाबाईंनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं: घरचं नाव बुढी. त्या नावाला वळते. शब्द अकरा, दोन शब्दांचं वाक्य एक. कान तपासावे. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.

पुढच्या आठवड्यात आदेशनं एक दिवस ट्रॅक्टर बंद ठेवला. तो, दिव्यानी आणि पोरगी सकाळच्या बसनं गडचिरोलीला गेले. झोपेचं औषध देऊन कानाला तारा लावून तपासणी झाली. दोन्ही कान चांगले आहेत. चिठ्ठीवर लिहून मिळालं की मुलीशी बोलणं वाढवा, मोबाईल बंद, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. दिव्यानीला वाटलं होतं की औषध मिळेल. ती चिठ्ठी घेऊन अंगणवाडीत आली आणि म्हणाली, हे तर तुम्ही आधीच सांगितलं होतं. अंजनाबाई म्हणाल्या, सांगितलं होतं, पण आता माहीत आहे.

गावात थोडं बोलणं झालंच. एका बाईनं विहिरीवर दिव्यानीला विचारलं की पोरगीच्या डोक्याला कसली मशीन लावली. पण नथ्थूभाऊंच्या उखाण्याची गोष्ट जास्त रंगली आणि हे बोलणं मागे पडलं. आता रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस पोरगीला मुद्दाम पुऱ्या नावानं हाक मारतो, म्हाताऱ्याला चिडवायला. अंजनाबाईंना ते सोयीचं पडलं आहे.

नथ्थूभाऊंना त्यांनी काम लावलं. आठवड्यातून तीन दिवस ते अंगणवाडीत तासभर बसतात आणि बांबूच्या वस्तू करतात. बोलायला त्यांना जमत नाही असं ते आधी म्हणाले होते. कमची कशी सोलायची ते मुलं विचारतात तेव्हा मात्र उत्तर द्यावंच लागतं, आणि तेच उत्तर सोळा वेळा द्यावं लागतं. सुगंधा त्यांच्या गुडघ्याला टेकून ऐकते. सांची तिच्या शेजारी बसून प्रत्येक वस्तूचं नाव मोठ्यानं म्हणते, आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला हातानं दाखवते. रोशनीनं टोपली आणि सूप यांच्या खुणा आता लेकीच्या पद्धतीनं करायला सुरुवात केली आहे.

आज सप्टेंबरचा दुसरा सोमवार. दिनदर्शिकेच्या मागे सुगंधाच्या नावापुढे एकोणपन्नास रेघा आहेत. सांचीच्या रेघा जागेत मावत नाहीत म्हणून वेगळा कागद जोडला आहे. सुगंधा ‘सुगंधा’ला दहापैकी सहा-सात वेळा वळते, ‘बुढे’ला दहाही वेळा. स्वतःचं नाव विचारलं तर अजून बुढीच सांगते. हे कमी आहे की पुरेसं, ते ऑक्टोबरच्या अखेरीस गडचिरोलीत पुन्हा दाखवल्यावर कळेल. मीराबाईंचं मत तयार आहे, पण ते त्या विचारल्याशिवायही सांगतात म्हणून इथे दिलं नाही.

उद्या मंगळवार. अंजनाबाई सात चाळीसला ओट्यावर असतील, कारण पिशवीतली वस्तू मुलं यायच्या आधी टोपणात घालून पाहावी लागते. ती वस्तू नथ्थूभाऊ सकाळी आणून देणार आहेत. आत काय आहे ते त्यांनी सांगितलेलं नाही. फळ्यावर आजच खडूनं लिहून ठेवलं आहे: मंगळवार, पिशवी, सुगंधा कोहपरे.